भाषांतर होईपर्यंत

“बूट चावतोय असं सांग ना तिला,” पहिला मुलगा म्हणाला.

“चावणं मला कुत्र्याचंच येतं,” दुसरा म्हणाला.

“मग बूट कुत्रा आहे म्हण!”

टेबलाच्या पलीकडे फ्राऊ एक जुना काळा बूट दोन्ही हातांत धरून बसली होती. आज ती बुटांची दुकानदारीण होती. काल ती डॉक्टर होती, उद्या रेल्वेची तिकिटं देणार होती. मुलांचा हा संवाद चालू असताना तिच्या चेहऱ्यावर गिऱ्हाईकाची वाट पाहणाऱ्या बाईचं हसू होतं, ना कमी ना जास्त. मुलं कुजबुजतही नव्हती. चांगली खणखणीत बोलत होती. फ्राऊला आपली भाषा कळत नाही, हे शाळेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला बघ. वैतागली वाटतं.”

“बोलतो रे, थांब.” दुसऱ्याने घसा खाकरला आणि जर्मनमध्ये एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा काढला. “बूट लहान आहे. पाय मोठा आहे. पाय दुःखी आहे.”

आता फ्राऊ मनापासून हसली. हे हसायला तिला परवानगी होती, कारण हे जर्मनमध्ये होतं. कुत्र्याचा विनोद खरं तर जास्त चांगला होता, पण तो तिने गिळला. असं गिळलेलं हसू ती संध्याकाळी घरी नेऊन नवऱ्यापुढे काढायची. तोवर ते शिळं झालेलं असायचं, पण नवऱ्याला ताज्या-शिळ्याचं काही नव्हतं.

ती शाळेत जर्मनची सहायक होती, आणि ‘फ्राऊ’ म्हणजे जर्मनमध्ये बाई. वर्गात बाईंनी व्याकरण शिकवायचं आणि मग मुलं दोघादोघांनी जिन्याखालच्या खोलीत हिच्याकडे बोलायला पाठवायची, अशी पद्धत. खोली मुळात नकाशे ठेवायची. गुंडाळलेले देश अजून कोपऱ्यात उभे होते. शेजारी एका पेटाऱ्यात फ्राऊचं सामान असे: बूट, बिनतारेचा टेलिफोन, डॉक्टरची खेळण्यातली नळी, हरवलेली म्हणून नेहमी सापडणारी छत्री. वीसेक वर्षं ह्या सामानावर तिचा संसार चालला होता.

आणि आपल्या भाषेचं म्हणाल, तर ती फ्राऊला इतकी येत होती की झोपेतही ती त्याच भाषेत भांडायची. तिचा नवरा छापखान्याच्या यंत्रांचा मेकॅनिक. कंपनीने त्याला तिकडे पाठवलं, मागोमाग ही गेली, आणि तिथल्या घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता जर्मन शिकली. बरीच वर्षं राहून दोघं परत आली, तेव्हा तिच्याजवळ सांगण्यासारखी तेवढीच एक विद्या होती.

त्या वेळी शाळेत ज्या जर्मनच्या बाई होत्या त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी हिला आपादमस्तक न्याहाळलं होतं. घारे डोळे, आखूड केस, गोरा वर्ण.

“झकास!” त्या म्हणाल्या. “तुम्हाला आपली भाषा येत नाही. कळलं?”

“म्हणजे?”

“म्हणजे एक अक्षर येत नाही. तुम्ही तिकडेच लहानाच्या मोठ्या झालात. मुलं महालबाड असतात हो. काठ हाताशी असला की पाण्यात पाय सोडत नाहीत. तुम्ही काठ व्हायचं नाही.”

फ्राऊला वाटलं, एखाद-दोन महिन्यांची गंमत असेल. पण सोंगाचं एक असतं, ते अंगावर चढवायला सोपं, उतरवायला मुहूर्त सापडत नाही. ह्या वर्षीच्या मुलांसमोर उतरवलं तर मागच्या वर्षीची काय म्हणतील? मग ते तसंच राहिलं. शाळेसमोरच्या भाजीवालीकडे ती टोमॅटो बोट दाखवून घेऊ लागली. भाजीवाली तिला मुकी समजून एखादा जास्तीच टाकायची. बसमध्ये एकदा कुणीतरी पायावर पाय दिला आणि तिच्या तोंडून “आई गं!” निघून गेलं. मागच्या बाकावर आठवीचे दोघे होते. शाळाभर बोभाटा झाला, पण उलटाच. फ्राऊ आपली भाषा शिकते आहे! त्या दिवसापासून दर वर्षीची मुलं तिला ‘कसं काय’ आणि ‘खूप छान’ शिकवू लागली. फ्राऊ ते दर वर्षी नव्याने शिकायची, नव्याने चुकायची. ‘छान’मधला ‘छ’ तिला वीस वर्षांत काही केल्या जमला नाही. ह्या ‘छ’वर तिने घेतलेली मेहनत फक्त नवऱ्याला माहीत होती.

पुढे थोरल्या बाई निवृत्त झाल्या आणि एका थंडीत गेल्या. खरं माहीत असलेले जुने शिक्षक एकेक करून पांगले. आता शाळेत हे गुपित फक्त हेडक्लार्कला ठाऊक होतं. तो तिला चारचौघांत ‘मॅडम’ म्हणे आणि कपाटांच्या खोलीत दार लोटून घेतलं की ‘वहिनी’.

ती दोन बूटवाली गिऱ्हाइकं बाहेर पडली, तेवढ्यात शिपाई आला. मुख्याध्यापकांनी बोलावलंय, असं त्याने दोन्ही हातांनी हवेत मिशा काढून सांगितलं. फ्राऊने बूट पेटाऱ्यात ठेवला.

मुख्याध्यापक नवे होते. माणूस वाईट नव्हता. फ्राऊ आत आली तसे ते तिच्याकडे बघून मान डोलावत हसले. दुसऱ्याच्या तान्ह्या बाळाकडे बघून लोक हसतात, त्यातलंच ते. समोर धाकट्या बाई बसल्या होत्या. थोरल्या बाईंच्या जागेवर आल्या म्हणून ह्या धाकट्या. ह्याच शाळेत शिकल्या, ह्याच जिन्याखालच्या खोलीत जर्मन बोलल्या, आणि बाकीच्या मुलांसारख्याच, फ्राऊला आपली भाषा येत नाही ह्यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

“ह्यांना कसं सांगायचं ते तुम्ही बघा,” मुख्याध्यापक बाईंना म्हणाले. “आधी तुम्हाला सांगतो. पुढल्या वर्षी यंत्र येतंय. मुलांनी कानाला लावायचं. यंत्र प्रश्न विचारतं, मूल उत्तर देतं, यंत्रच मार्क देतं. ह्यांची जागा बंद.”

“सर, यंत्र बूट विकतं का?”

“काय?”

“काही नाही.”

फ्राऊ दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. भाषा न कळणारं माणूस जसं बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहतं, तसं. नवऱ्याचे गुडघे धरल्यापासून घर तिच्याच पगारावर उभं होतं.

“मलाही वाईट वाटतं हो,” मुख्याध्यापक म्हणाले. “चेहरा बघा ना किती गरीब आहे. आपल्या वाचनालयातली जागा रिकामी आहे. नियमात बसतं, उद्या नेमलं असतं मी. पण भाषेचं काय? मुलं पुस्तक मागणार आणि ह्या नुसत्या हसणार.”

फ्राऊच्या जिभेच्या टोकावर वाक्य आलं. साधं, सरळ. ‘साहेब, मला येते भाषा.’ ती ते उच्चारणारही होती. पण धाकट्या बाई आधी बोलल्या.

“सर, ह्यांना आपली भाषा येत नाही, तेच तर ह्यांचं मोल आहे. मी सातवीत होते तेव्हा कुणाशी बोलत नव्हते. घरी नाही, वर्गात नाही. एक दिवस त्या खोलीत मी एकटीच होते, माझी जोडीदारीण आजारी. फ्राऊंनी विचारलं, घरी कोण कोण असतं? आणि मी सगळं आपल्या भाषेत बोलून टाकलं. भडाभडा. का सांगू? ह्यांना कळणार नाही म्हणून. भिंतीला सांगावं तसं. भिंत निदान मान तरी हलवत होती.”

“काय सांगितलंत?”

“ते जाऊ दे. पण मग वाटलं, थोडं तरी हिला कळावं. म्हणून त्यातलं जेवढं जमलं तेवढं जर्मनमध्ये सांगितलं. माझं पहिलं जर्मन ते. आणि ह्यांना ते कळलं, सर! ह्यांनी माझा हात धरला. तेव्हा ठरवलं मी, हेच शिकायचं. त्यांना आपली भाषा येत असती ना, तर मी तोंड उघडलं नसतं. मेले असते शरमेने.”

फ्राऊने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. तिला तो दिवस आठवत होता. बारक्या वेण्यांची मुलगी नकाशांकडे बघून बोलत होती. बाबा फिरतीवर आहेत असं आई सगळ्यांना सांगते. ते फिरतीवर नाहीत. ते नदीपलीकडे राहतात, दुसऱ्या बाईकडे. काल मी शाळा चुकवून गेले. ते दारात एका छोट्या मुलीला टोपी घालत होते. कानावरून नीट ओढून घालत होते. मला बघितलं त्यांनी आणि दार लावलं.

आणि फ्राऊ चेहरा कोरा ठेवून बसली होती. तिने आयुष्यात बरीच कामं केली, आजारी माणसांची केली, परक्या घरची केली, पण त्या दिवसाइतकं अंगमेहनतीचं काम तिला आठवत नव्हतं. मुलगी थांबली, नाक पुसलं आणि मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, “माझे वडील घरी नाहीत. त्यांना एक मुलगी आहे. मीसुद्धा मुलगी आहे.” तेव्हा कुठे फ्राऊला हात पुढे करता आला.

“ठीक आहे, ठीक आहे,” मुख्याध्यापक म्हणाले. भावनेचा विषय निघाला की ते कागद सारखे करत. “आता सांगा त्यांना.”

धाकट्या बाई फ्राऊकडे वळल्या आणि जर्मनमध्ये हळुवारपणे म्हणाल्या, की पुढल्या वर्षी यंत्र येणार, जागा राहणार नाही, सरांना फार वाईट वाटतं. वाचनालयाचं त्यांनी भाषांतरच केलं नाही. जे मिळणार नाही ते कशाला ऐकवा, हा त्यांचा सरळ विचार. त्यामुळे फ्राऊला त्याबद्दल विचारताही येईना. तिने फक्त धक्का बसल्यासारखं केलं. बसलेला धक्का इतका वेळ रांगेत उभा होता, त्याचा आता नंबर लागला.

हेडक्लार्कने हे सगळं अर्ध्या दारातून ऐकलं होतं. त्याने तिला कपाटांच्या खोलीत गाठलं आणि दार लोटलं.

“वहिनी, आता मिठाची गुळणी थुंका. एक वाक्य बोला. वाचनालय तुमचं.”

“आणि त्या पोरीला काय वाटेल?”

“पोरगी कसली, तिला चष्मा लागलाय. वाटेल थोडे दिवस. फसवलं म्हणेल, रुसेल, मग येईल पुस्तक मागायला.”

“फसवलं एवढंच असतं तर बोलले असते हो. मी ऐकलंय सगळं. तिला वाटतं भिंतीला सांगितलं.”

हेडक्लार्क कान कोरत विचार करत राहिला. “तुम्ही भिंत फार चांगली केलीत, वहिनी,” तो शेवटी म्हणाला. “पण भिंतीला पगार नसतो.”

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं ते मागच्या खोलीत, पाय स्टुलावर टाकून. ही खोली त्याची. कंपनी सुटली तरी हत्यारं सुटली नव्हती. शेजाऱ्यांची घड्याळं, शिलाई यंत्रं, काय काय तो इथे उघडून ठेवायचा आणि जमलं तर मिटवायचा.

“शाळेत वीस वर्षं मुकी राहिलीस,” तो म्हणाला, “आणि भरपाई माझ्यावर काढलीस. मी कधी तक्रार केली? आता एक वाक्य तिकडे खर्च कर.”

“करते.”

“म्हणून दाखव.”

“साहेब, मला येते भाषा.”

“‘छ’ नाही त्यात. जमेल तुला.”

ती हसली नाही. त्याने पाना खाली ठेवला.

“अगं, कोण कुठली पोर! तिच्या बापाने दार लावलं, तुझ्या नाही. ही खोली भाड्याने द्यावी लागेल, कळतंय ना? दुसरं आहे काय आपल्याकडे?”

“कळतंय.”

“मग?”

“मग उद्या जाते आणि सांगते. झालं?”

दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली. मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहिली. त्यांनी तिला पाहिलं आणि ते बहिऱ्याशी बोलावं तसे मोठ्याने, तोडून तोडून म्हणाले, “या! बसा! पाणी?” आणि पाणी कळावं म्हणून अंगठा तोंडाला लावला. मागे हेडक्लार्क उगाच एक फाइल चाळत उभा होता आणि त्याच्या भुवया तिला सांगत होत्या, बोला, बोला.

“साहेब...” फ्राऊ म्हणाली.

इतकं तर मुलांनी तिला शिकवलंच असणार, अशा कौतुकाने मुख्याध्यापक हसले.

तेवढ्यात जिन्यावरून धाकट्या बाई धावत आल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, फ्राऊ एकट्याच सरांकडे गेल्यात. हाताला खडू, धाप लागलेली. “थांबा सर, मी आहे ना,” त्या म्हणाल्या आणि फ्राऊच्या शेजारी उभ्या राहून जर्मनमध्ये तिला म्हणाल्या, “बोला, मी सांगते त्यांना. तुम्ही एकट्या नाही.”

फ्राऊने त्यांच्याकडे पाहिलं. वेण्या केव्हाच गेल्या होत्या. तिने चष्मा वर सारला आणि जर्मनमध्ये एवढंच विचारलं, की ह्या वर्षीच्या मुलांची तोंडी परीक्षा तिलाच घेऊ देतील का.

धाकट्या बाईंनी भाषांतर केलं. मुख्याध्यापक म्हणाले, “अर्थात! हे काय विचारणं झालं?” फ्राऊ थांबली, ‘अर्थात’चं जर्मन झालं, मग तिने मान लववून आभार मानले. हेडक्लार्कने फाइल फटकन मिटली.

त्या संध्याकाळी नवऱ्याने काही विचारलं नाही. तिने बाहेर चपला जशा काढल्या त्यावरून त्याला समजलं असावं. जेवण झाल्यावर तो मागच्या खोलीत गेला आणि हत्यारं एकेक पुसून खोक्यात भरायला लागला. “हा मोठा पाना कुणी घेणार नाही,” तेवढंच तो मोठ्याने म्हणाला. ती जवळ बसून त्याच्या हातात फडकी देत राहिली.

परीक्षा झाल्या. बूटवाल्या मुलाने तिकीट काढलं, हरवलेली छत्री परत मिळवली आणि डॉक्टरला सांगितलं की आता पाय आनंदी आहे. वर्षाअखेर सभागृहात निरोप झाला. मुख्याध्यापक दोन शब्द बोलले, ते बरेच झाले. “फ्राऊ, आपल्या भाषेत! आपल्या भाषेत!” मुलं ओरडायला लागली. फ्राऊ उभी राहिली आणि तिने तिचा तो वीस वर्षं जपलेला, कुठल्याच देशाचा नसलेला ‘छ’ काढून ‘खूप छान’ म्हटलं. मुलांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मागच्या रांगेत हेडक्लार्क तेवढा टाळी न वाजवता नाक शिंकरत होता.

मग ती जिन्याखालच्या खोलीत पेटारा आवरायला आली. बूट, टेलिफोन, नळी. छत्री घरी न्यावी की ठेवावी, ह्या विचारात ती होती, तेव्हा धाकट्या बाई आत आल्या. त्यांनी दार लावलं आणि मुलांच्या खुर्चीवर बसल्या. गुडघे टेबलाला लागत होते.

“बसा ना,” त्या आपल्या भाषेत म्हणाल्या आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. “तुम्हाला कळणार नाही. पण मला इथेच बोलायचंय.”

फ्राऊ बसली.

“मागच्या महिन्यात मी बाबांकडे गेले होते.” त्या नकाशांकडे बघत होत्या. “नदीपलीकडे. किती वर्षांनी. त्यांची ती मुलगी, टोपीवाली, तिनेच बोलावलं. तिने दार उघडलं आणि म्हणाली, ताई, आत ये. मी काय काय ठरवून गेले होते बोलायचं. पण बाबांना आता कुणाची ओळख पटत नाही. मला बघून म्हणाले, फिरतीवरून आलात का? आईने लोकांना सांगितलेलं, तेच.” त्या थोडं हसल्या. “मग मी त्यांच्याजवळ बसले. ते काहीबाही बोलत होते, मला एक शब्द लागत नव्हता. मी तुमच्यासारखी मान हलवत राहिले. निघताना बाहेर गार होतं, बाबा सोडायला दारापर्यंत आले, तर तिने खुंटीवरची टोपी त्यांच्या डोक्यावर घातली. एका बाजूने तिने ओढली. दुसरी बाजू मी ओढली. कानावरून, नीट.”

वर जिन्यावरून मुलांचे पाय धडधडत गेले.

फ्राऊ समोर बसून होती. डोळे भरले होते, पण पाणी अजून पापणीच्या आत होतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने तिने ते तिथेच थोपवून धरलं होतं. हात मांडीवर, चेहरा उत्सुक, थोडासा गोंधळलेला. पर्समधला रुमाल बोटांना लागत होता. तो तिने काढला नाही.

धाकट्या बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग त्या तिच्याकडे वळल्या. आता त्यांचं जर्मन मोडकं राहिलं नव्हतं, वाटलं असतं तर त्यांनी सगळंच्या सगळं सांगितलं असतं. पण त्यांनी ते लहानच ठेवलं.

“फ्राऊ,” त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, “माझ्या वडिलांना दोन मुली आहेत.”

वाक्य संपलं. मग फ्राऊने रुमाल काढला.